पुढचा अ‍ॅक्सल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन केले असून बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सुरुवातीलाच सांगतो, मला भाषणाची सवय नाही. शाळेत एकदा पंधरा ऑगस्टला बोलायला उभा राहिलो होतो. "अध्यक्ष महाशय" एवढं म्हणून झाल्यावर पुढचं सगळं विसरलो आणि खाली बसलो. बाई हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय.

संयोजकांचा फोन आला की डॉक्टर मंडळी तब्येतीवर बोलणार आहेत, तहसीलदार साहेब सातबाऱ्यावर बोलणार आहेत, तू तुझ्या धंद्यातलं बोल. माझं गॅरेज आहे, ते बहुतेकांना माहीत आहे. तासगाव तालुक्यात द्राक्षबागांच्या मधोमध असल्यामुळं माझ्याकडं येणारं काम निम्म्याहून जास्त बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचं असतं. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे. "मेस्त्री, पुढचा अ‍ॅक्सल गेलाय. कंपनीचा माल परवडत नाही. स्वस्तात काय होईल?" मी त्यावरच बोलणार आहे. ज्यांचा ट्रॅक्टरशी संबंध नाही त्यांनी जेवणात काय आहे याचा विचार करत बसायला हरकत नाही. वास इथपर्यंत येतोयच.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी एक गोष्ट आधी सांगायला पाहिजे. बागेत फोर बाय फोर ट्रॅक्टर ही हौस नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की बाग फुटते, आणि त्यानंतर घड पोंग्यातून बाहेर पडून दोडा अवस्थेत येतो. नेमका तेव्हा पाऊस आला तर दावण्या येतो. पानावर आला तर पान जातं, पण घडावर आला तर वर्ष जातं. औषध वेळेवर, म्हणजे पाऊस उघडल्या-उघडल्या काही तासांत मारावं लागतं, आणि त्या वेळी ओळीत घोट्याएवढा चिखल असतो. मागं पाण्यानं भरलेला ब्लोअर. साधा ट्रॅक्टर तिथं मागची चाकं फिरवत एकाच जागी खड्डा करत बसतो. पुढची चाकंही ओढणारी असली तर तो चालतो. म्हणून अठरा-वीस अश्वशक्तीचे ते बुटके ट्रॅक्टर आपल्याकडं घरोघरी आले. आता त्यातले बरेच पंधरा-वीस वर्षांचे झालेत. इंजिन अजून ठणठणीत असतं. जातो तो पुढचा अ‍ॅक्सल.

तो जातो कसा, ते आपल्या हातावरून सांगतो. गिअरबॉक्समधून एक शाफ्ट पुढं येतो. तो छातीपाशी, म्हणजे मधल्या डब्यात, पिनियन आणि क्राऊन या जोडीला फिरवतो. तिथून डावीकडं-उजवीकडं एकेक शाफ्ट जातो, ते झाले खांद्यापासून कोपरापर्यंतचे हात. कोपरात तिरक्या दातांची एक जोडी असते, ती फिरणं खाली वळवते. मग उभा शाफ्ट, म्हणजे कोपरापासून मनगट. मनगटात पुन्हा तिरक्या दातांची जोडी, आणि तिच्या मोठ्या गिअरवर चाक. सगळ्याच कंपन्यांची रचना अशी नसते, मोठ्या ट्रॅक्टरांना वेगळी असते. पण आपल्याकडच्या छोट्यांत ही फार दिसते. स्टेअरिंग वळवलं की कोपराखालचा सगळा डबा वळतो. म्हणजे तिथं ऑइल आत ठेवायचं, चिखल बाहेर ठेवायचा आणि वळूही द्यायचं, ही तिन्ही कामं एका रबरी सीलवर आहेत. ते सील काही शे रुपयांचं असतं. ते फाटलं की ऑइल बाहेर येतं, हे सगळ्यांना दिसतं. पाणी आत जातं, ते कुणाला दिसत नाही. ऑइलचा चहा होतो, बेअरिंग गंजतं, सैल होतं, गिअर एकमेकांपासून सरकतात, आणि एक दिवस वळणावर कट् कट् कट् आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे काही शे रुपयांचं काम काही हजारांचं झालं. त्यानंतरही बाग आटोपेपर्यंत चालवला तर लाखाचं.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. ज्याच्याबाबतीत झाली तो इथंच बसलाय, त्याची परवानगी काल घेतलीय. "नाव घेऊ नको, बाकी काय पण सांग," म्हणाला.

२००९ साल होतं. आपल्या वर्गातल्या या मित्राच्या ट्रॅक्टरचं क्राऊन-पिनियन गेलं. कंपनीची जोडी महाग होती आणि यायला वेळ लागणार होता. मी भंगारवाल्यांकडं शोधली. त्याच कंपनीच्या थोड्या मोठ्या मॉडेलची जोडी मिळाली. बेअरिंगचे माप तेच, बोल्टची भोकं तीच, हाऊसिंगमध्ये अशी बसली की जणू त्याचीच. मला वाटलं, लॉटरी लागली. निम्म्याहून कमी पैशात काम झालं. मित्रानं मला जेवायला घातलं.

आठ महिन्यांत सगळं मोडलं. आधी पुढचे टायर खरवडल्यासारखे झिजायला लागले. मग स्टेअरिंग जड झालं. मग एका रात्री भर फवारणीत क्राऊनचे दात उडाले, आणि दातांच्या तुकड्यांनी हाऊसिंगही फोडलं. त्यानं दुसऱ्या मेस्त्रीकडून कंपनीचा सगळा माल घालून ट्रॅक्टर उभा केला. त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं. माझ्याकडं यायचा बंद झाला. रस्त्यात भेटला तर मान वळवायचा. दहा वर्षं.

काय चुकलं ते मला त्या वेळी कळलंच नाही. माल खराब होता असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण मला दोन वर्षांनी सापडलं, तेही दुसऱ्या एका ट्रॅक्टरवर काम करताना. मी दात मोजले नव्हते. मूळ जोडीत पिनियनला ९ आणि क्राऊनला ४० दात होते. मी बसवलेल्या जोडीत ९ आणि ३८. दोन दातांचा फरक.

गणिताचे सर समोर आहेत, म्हणून फळ्यावर मांडल्यासारखं सांगतो. फोर बाय फोर घातला की पुढची आणि मागची चाकं एकाच गिअरबॉक्सला घट्ट बांधली जातात. मागचं चाक मोठं, पुढचं लहान; म्हणून लहान चाकानं जास्त फेरे मारावे लागतात. समजा मागच्या टायरचा घेर २४० सेंटिमीटर आहे आणि पुढच्याचा १६५. मागचं एक फेरा फिरतं तेव्हा पुढचं दीड फेरा फिरतं. दीड गुणिले १६५ म्हणजे साडेदोनशेला थोडं कमी, २४७.५. पुढचं चाक मागच्यापेक्षा साधारण तीन टक्के जास्त अंतर कापतंय. हे मुद्दाम ठेवलेलं असतं. पुढच्या चाकानं किंचित ओढतं राहावं म्हणून. सर्वसाधारणपणे एक ते पाच टक्क्यांत हे बसवतात. आता क्राऊनचे ४० दात जाऊन ३८ आले. पुढचं चाक दीडऐवजी जवळजवळ १.५८ फेरे मारायला लागलं. म्हणजे २६० सेंटिमीटर. प्रत्येक फेऱ्याला पुढचं चाक मागच्यापेक्षा वीस सेंटिमीटर पुढं पळायला बघतंय, आणि मागचं त्याला धरून ठेवतंय. चिखलात चाक घसरून ही ओढाताण निघून जाते. कडक रस्त्यावर ती कुठं जाणार? ती दातांवर जाते.

हाच प्रकार आणखी दोन पद्धतींनी होतो, आणि त्यात मेस्त्री लागतही नाही. मागं नवे टायर घालायचे आणि पुढं स्वस्तात मिळाले म्हणून वेगळ्या मापाचे घालायचे, ही एक. आणि बागेतून बाहेर पडल्यावर फोर बाय फोरची दांडी न काढता डांबरी रस्त्यानं घरापर्यंत यायचं, ही दुसरी. दुसरी तर आपल्या गावात रोज संध्याकाळी बघायला मिळते.

आता २०१९. ते वर्ष सांगलीकर विसरणार नाहीत. ऑगस्टमध्ये महापूर, आणि दिवाळीच्या तोंडावर पुन्हा पाऊस हटायला तयार नाही. बागा दोड्यात. एके रात्री साडेनऊला फोन वाजला. दहा वर्षांनी तो नंबर स्क्रीनवर. म्हणाला, "डाव्या चाकातनं आवाज येतोय, वळत नाही. शोरूमवाले पूर्ण अ‍ॅक्सल बदलायला सांगतात, एक लाख अडतीस हजार, आणि तीन आठवडे. एकदा तुझ्यामुळं बुडालोय. पण आता तूच ये."

शोरूमवाल्यांना मी दोष देत नाही. ते सुटा सुटा जबाबदारी घेत नाहीत, सगळं नवं बसवून मोकळे होतात. पण ट्रॅक्टर विकला असता तर दीड-पावणेदोन लाख आले असते. त्याला एक लाख अडतीस हजारांचा अ‍ॅक्सल कोण घालणार? आणि नाही घातला तर तीन एकर बाग चार दिवसांत हातातून जाणार.

त्या रात्री पहिलं काम ट्रॅक्टरचं केलंच नाही. आपल्या बॅचच्या ग्रुपवर लिहिलं, की याच्या बागेत औषध मारायला कुणाचा ट्रॅक्टर रिकामा आहे का. तुम्हाला आठवत असेल. शेजारच्या गावातल्या आपल्या एकानं स्वतःची बाग मारून झाल्यावर पहाटे दोन वाजता ट्रॅक्टर याच्या बागेत घातला. असं पाच रात्री. तो पण इथंच आहे आणि आता खाली मान घालून बसलाय. त्या पाच रात्री मिळाल्या म्हणून मला नीट काम करता आलं. घाईत पुन्हा "बसतंय ना, मग घाला" झालं असतं.

डावा डबा खोलला. आत राखाडी चिखल. सीलचे ओठ फाटलेले. बेअरिंग गेलेलं. मनगटातल्या जोडीत लहान गिअरचे तीन दात उडालेले, मोठ्याच्या कडा तुटलेल्या. उभ्या शाफ्टचे स्प्लाइन पिळवटलेले. बाकी मधला डबा, उजवा हात, हाऊसिंग, सगळं चांगलं. म्हणजे शोरूमच्या यादीतल्या अ‍ॅक्सलमधलं खरं गेलेलं किती, तर एका परातीत मावेल एवढं.

आता स्वस्तात माल मिळवण्याची माझी रीत. अ‍ॅक्सलचा भाव कुणाला विचारायचाच नाही. आधी तो सुट्या नंबरांत मोडायचा.

बेअरिंग घ्या. ते ट्रॅक्टर कंपनी बनवत नाही, बेअरिंग कंपनीकडून घेते. पुसून, उजेडात धरून बघितलं की कडेवर नंबर कोरलेला दिसतो. समजा ६२०७. तर शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, ३५ मिलिमीटरचं भोक. शून्य चारपासून पुढं हा हिशेब चालतो. ६२०७ जगात कुठंही घ्या, आत ३५, बाहेर ७२, जाडी १७. तेच बेअरिंग ट्रॅक्टर कंपनीच्या पाकिटात घेतलं तर मला बऱ्याचदा दीडपट-दुप्पट पडलंय. सांगलीत बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगायचा आणि घ्यायचं. दोन गोष्टी मात्र बघायच्या. नंबरापुढची अक्षरं सोडायची नाहीत. झाकण एका बाजूला आहे, दोन बाजूंना आहे की नाहीच, हे त्यात असतं, आणि ऑइलमध्ये बुडणाऱ्या जागी झाकणाचं बेअरिंग घालून ठेवलेले महाभाग मी बघितलेत. दुसरं, अगदीच स्वस्त मिळालं तर घ्यायचं नाही. मोठ्या नावाचं खोकं आणि आत भलताच माल, हे फार चालतं. काही ठिकाणी नंबर प्रमाणित नसतो, बाहेरचं माप विचित्र असतं. ते एखादं बेअरिंग मुकाट्यानं कंपनीचं घ्यायचं.

सीलचंही तसंच. त्यावर तीन आकडे असतात. ३५-५२-८ म्हणजे आत ३५, बाहेर ५२, जाडी ८. आकडे झिजले असतील तर मोजायचे. पण सील घालण्याआधी शाफ्टवर नख फिरवून बघा. जुन्या सीलचा ओठ जिथं घासत होता तिथं खाच पडलेली असते. खाचेवर नवं सील घातलं तर ते पहिल्या दिवसापासून गळतं, आणि मग माणूस म्हणतो सील डुप्लिकेट होतं. जागा असेल तर सील दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. नाहीतर शाफ्टवर पातळ बाही चढवून घ्यायची.

मोजायचे म्हटलं, ते कशानं? व्हर्निअरनं. सर, तुम्ही आठवी-नववीत तांत्रिक विषयाच्या तासाला आमच्या हातात व्हर्निअर द्यायचात आणि प्रत्येकाकडून एकच खिळा तीन-तीन वेळा मोजून घ्यायचात. आम्ही वैतागायचो. "तीन वेळा वेगळं आलं तर चूक खिळ्याची नाही," असं तुम्ही म्हणायचात. २००९ साली मी एकदाही मोजलं नव्हतं. डोळ्यानं बघितलं आणि बसवलं.

आता अवघड माल, गिअर. तो दुकानात नंबरावर मिळत नाही. माझा पहिला विचार कोल्हापूरला नवीन बनवून घ्यायचा होता. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, तिथं काय बनत नाही? पण आपल्या वर्गातली एक मैत्रीण पुण्यात गिअरच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. ती आज येऊ शकली नाही. तिला फोटो पाठवले. तिचा लगेच फोन. म्हणाली, "शाफ्ट बनवून घे. गिअर सुटा बनवू नकोस. दात कापून देणारे मिळतील, पण भट्टी कोण करणार?" तिनं समजावलं ते असं. गिअरला आतून चिवट आणि वरून कडक लागतं. त्यासाठी २०-एमएन-सीआर-५ सारखं पोलाद घेऊन, दात कापून, वरच्या थरात कार्बन मुरवून मग कडक करतात. एकट्या गिअरसाठी हे नीट करून घेणं महागात पडतं, आणि भट्टीत तो किंचित वाकडा होतोच. कुणी साध्या पोलादाचा करून वरवर तापवून दिला तर एका हंगामात दात झिजतात. आणि क्राऊन-पिनियनचे वक्र दात असले तर त्याला खास मशीनच लागतं. एका नगासाठी ते कुणी लावत नाही.

मग उरला जुना माल. हेच ट्रॅक्टर आणखी कुठं जास्त आहेत? जिथं द्राक्षं आहेत तिथं. नाशिककडं. आणि आपल्या बॅचमधला एक जण तेव्हा पिंपळगाव बसवंतला बँकेत होता. बिचारा शनिवारी पांढरा शर्ट घालून जुने ट्रॅक्टर मोडणाऱ्याच्या आवारात गेला. मी व्हिडिओ कॉलवर. "दात मोज. खडूनं एकावर खूण कर आणि तिथून मोज. आता पुन्हा मोज. आता तिसऱ्यांदा." तो वैतागला, "अरे, मी कॅशियर होतो, मला मोजता येतं!" पण मोजलं. लहान गिअरचे, मोठ्याचे, आतल्या स्प्लाइनचे. बाहेरचा व्यास, उंची. मग त्याला कानस विकत आणायला लावली आणि दाताच्या टोकावर हलकी घासायला सांगितली. कानस धरली, धातू खाल्ला, तर वरचा कडक थर गेलाय. घसरली तर अजून आहे. पहिल्या ट्रॅक्टरच्या गिअरवर कानस धरली. दुसऱ्याच्या दातांवर बारीक खड्डे होते, देवीच्या व्रणासारखे. तिसऱ्याचा चांगला निघाला. आवारवाला लहान गिअर एकटा द्यायला तयार होता, दोन हजारांत. मी जोडी मागितली. लहान आणि मोठा, एकाच डब्यातून निघालेले. एकमेकांवर वर्षानुवर्षं घासून त्यांचे दात एकमेकांना बसलेले असतात. क्राऊन-पिनियनच्या बाबतीत तर कारखान्यातच जोडी लावतात, आणि बऱ्याचदा दोन्हींवर एकच आकडा कोरलेला असतो. एकावर एक आकडा आणि दुसऱ्यावर दुसरा दिसला तर फुकट दिली तरी घेऊ नका. जोडी नऊ हजारांना पडली. एस.टी.च्या पार्सलनं सांगलीला आली. त्या शर्टाचे डाग निघाले नाहीत असं वहिनी मघाशी सांगत होत्या.

शाफ्ट कोल्हापूरला दोन दिवसांत झाला, ईएन-२४ पोलादाचा, जुना नमुना देऊन. बसवताना गिअरच्या दातांना निळा रंग लावून फिरवून बघितलं, की दात एकमेकांना कुठं टेकतात. टोकाला टेकत होते. कागदासारख्या पातळ शिम आत-बाहेर करत चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं. हे काम कंटाळवाणं असतं, आणि जुना माल टिकणार की नाही ते इथंच ठरतं. दाताच्या मधोमध निळा डाग आला तेव्हा पहाट झाली होती. मग चाकं उचलून मागचा एक फेरा आणि पुढचे किती, ते मोजलं. तीन वेळा. टायरचा घेर दोरीनं मोजला. हिशेब तीन टक्क्यांवर आला, तेव्हा त्याला म्हटलं, चालू कर.

खर्च वहीत आहे. बेअरिंग ३,९००, सील आणि ओ-रिंग १,८५०, जुनी गिअरची जोडी ९,०००, शाफ्ट ४,२००, ऑइल १,४००, पार्सल आणि जाणं-येणं ६५०. एकूण २१,०००. मजुरीच्या जागी रेघ मारलीय. ती २००९ ची होती.

उजव्या बाजूची दोन्ही सील त्याच वेळी बदलली, आवाज नसताना. तो नको म्हणत होता, चांगली आहेत म्हणून. काढल्यावर एकाचा ओठ हातात तुटून आला. तुम्ही एवढं करा. पावसाळ्याआधी आणि छाटणीआधी, वर्षातून दोनदा, पुढच्या डब्याचा खालचा बोल्ट किंचित ढिला करून आधी काय गळतं ते बघा. पाणी जड असतं, ते आधी येतं. आणि पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खटखट लागली तर माझ्याकडं या, कट् कट्ची वाट बघू नका. माझा धंदा कमी होईल, चालेल. पन्नाशी ओलांडलीय, चार वेळा उघडणं आता कंबरेला झेपत नाही.

त्या वर्षी त्याची बाग पूर्ण वाचली असं मी म्हणणार नाही. खालच्या सखल भागातला अर्धा एकर गेलाच. बाकीची राहिली. जी द्राक्षं मार्केटला गेली नाहीत त्यांचा बेदाणा केला. यंदाच्या बेदाण्याच्या अर्धा-अर्धा किलोच्या पुड्या त्यानं आज सगळ्यांसाठी आणल्यात. नोंदणीच्या टेबलाखाली खोकी आहेत, जाताना घेऊन जा.

टेबलावर माझी वही पण ठेवलीय. आपल्या भागातल्या छोट्या ट्रॅक्टरांच्या पुढच्या अ‍ॅक्सलचे बेअरिंगचे नंबर, सीलची मापं आणि गिअरचे दात, जेवढे माझ्या हातून गेले तेवढे त्यात आहेत. प्रत्येक आकडा तीनदा मोजलेला आहे, सर. ज्याला पाहिजे त्यानं मोबाइलवर फोटो काढून घ्यावा, पण वही तिथंच ठेवावी. सोमवारी एक डबा उघडायचाय.